व्हिएन्नातला सोनेरी हॉल आणि बाबांची टाच

कृष्णाकाठ

माझे बाबा मिरजेचे. त्यांची सगळी हयात तंबोऱ्यांची जवारी काढण्यात, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार जुळवण्यात गेली. आता वय ७४, हाताला कंप आहे, कानस धरवत नाही, पण कान शाबूत आहेत. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त व्हिएन्नात असतो. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तेव्हा राजवाडे, बागा, संग्रहालयं यांतलं बाबांनी काहीच मागितलं नाही. म्हणाले, "झुबिन मेहता जिथे उभे राहतात, तो हॉल तेवढा दाखव."

मेहता वाद्यवृंदाचे संचालक, आणि त्यांचं त्या शहराशी नातं जुनं. १९५४ साली ते मुंबईहून शिकायला तिथेच गेले. दर १ जानेवारीला तिथून जगभर दाखवली जाणारी नववर्षाची मैफल त्यांनी पाच वेळा चालवली: १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५. बाबांनी त्यातली एक टीव्हीवर पाहिली होती आणि तेव्हापासून ती सोनेरी खोली त्यांच्या डोक्यात बसलेली.

इमारतीचं नाव मुझीकफेराइन, म्हणजे सरळ मराठीत संगीत मंडळ. ते मंडळ १८१२ साली स्थापन झालं. आपल्याकडे रसिकांनी पदरमोड करून गायन समाज काढले, त्याच जातीची ही संस्था. पुढे १८५७ साली सम्राट फ्रान्झ योझेफने शहराभोवतीचा जुना तट पाडायचा हुकूम दिला आणि तटाच्या जागी रिंगश्ट्रास हा रुंद गोल रस्ता आला. त्या रस्त्यालगतच्या मोकळ्या झालेल्या जमिनीतला एक तुकडा १८६३ साली सम्राटाने मंडळाला दिला. थिओफिल हान्सन या डॅनिश वास्तुरचनाकाराने आराखडा केला आणि ६ जानेवारी १८७० रोजी वास्तू खुली झाली.

आम्ही आधी दिवसाची मार्गदर्शित फेरी घेतली. मुख्य हॉल ४८.८ मीटर लांब, १९.१ मीटर रुंद आणि १७.७५ मीटर उंच. म्हणजे सरळसोट लांबट पेटी. दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून सोनेरी स्त्रीमूर्ती उभ्या, वर चौकटीचौकटींचं छत, त्यात अपोलो आणि नऊ कलादेवींची चित्रं. चित्रकार आउगुस्ट आयझेनमेंगर. सोनं इतकं की पहिली दोन मिनिटं नजर कुठे ठेवावी कळत नाही.

बाबांनी वर पाहिलंच नाही. ते खाली बघत होते. मार्गदर्शक मुलगी पुढे गेल्यावर त्यांनी चपलेची टाच हलकेच जमिनीवर आपटली आणि मान तिरकी करून थांबले. भोपळा विकत घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून थांबतात ना, अगदी तसे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खाली पोकळ आहे. हा भोपळा आहे."

मुलीने ते पाहिलं. मला वाटलं रागावेल. तिने विचारलं काय म्हणाले, मी सांगितलं. तिचा चेहराच उजळला. म्हणाली, बरोबर आहे, लाकडी जमिनीखाली पोकळी ठेवलेली आहे, आणि छतही भिंतींवर टेकवलेलं नाही, वरच्या तुळयांना टांगलेलं आहे. बाबांनी शेजारच्या लाकडी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि उरलेली फेरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मैफल ऐकली. ब्राम्स या जर्मन संगीतकाराची दुसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. तिचा पहिला प्रयोग याच हॉलमध्ये ३० डिसेंबर १८७७ रोजी झाला होता, हान्स रिख्टर यांच्या संचालनाखाली. मला पाश्चात्त्य संगीतातलं जुजबी कळतं, बाबांना तेवढंही नाही. पण सिंफनी सुरू होते ती चेलो आणि डबल बास या खर्जातल्या वाद्यांवर, आणि पहिले तीन सूर आहेत: सा, खालचा शुद्ध नी, पुन्हा सा. बाबांनी माझा हात दाबला. एवढे तीन सूर त्यांना पुरले. त्यानंतर हॉर्न आले आणि तो आवाज पुढून आला असं वाटलंच नाही. तो सगळीकडे होता, मांडीखालच्या खुर्चीतसुद्धा. तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल लावून ऐकलं की आवाज हाडातून येतो, तसा.

शेवटच्या आघातानंतर संचालकांनी हात खाली घेतले नाहीत. आवाज छताकडे जात जात विरला, तो पुरता विरेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही. तो क्षण ऐकायला मी पुन्हा जाईन.

इथे कुणी गेलं असेल तर अनुभव लिहा. जाणार असाल तर विचारा, माहीत असेल तेवढं सांगते.

रानजाई

ताई, वाचताना घशाशी आलं. माझी आई संगीत विशारद आहे, वय ६८. मे महिन्यात आम्ही ऑस्ट्रियाला जातोय, पण सहलीच्या कार्यक्रमात हा हॉल नाही, व्हिएन्नात एक दिवस मोकळा आहे. दोन प्रश्न. तिकडचं संगीत काहीच ठाऊक नसताना जाण्यात अर्थ आहे का? आणि साडी चालेल का? आईला दुसरं काही नेसून मैफलीला जायचं म्हणजे पटत नाही.

कृष्णाकाठ

साडी छानच. लोक नीटनेटके येतात, कोट-सूट बरेच, पण साध्या कपड्यांतले विद्यार्थीही खूप. मी इरकल नेसले होते. जाड कोट, जॅकेट आणि मोठ्या पिशव्या मात्र बाहेर कपडेघरात ठेवाव्या लागतात. तेव्हा वीस मिनिटं हातात ठेवून जा.

अर्थ आहे का, याबद्दल: कार्यक्रम काय आहे ते आधी बघून त्यातली एकच रचना घरी दहा वेळा ऐका. बाकी वाचन नको. आईंना ज्या सुरावटी ओळखीच्या होतील त्या तिथे भेटल्या की पुरे. आणि रचनेच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडे समेवर दाद जाते, तिथे शेवटपर्यंत धरून ठेवायची. बाबांना ते फार जड गेलं. "वा" ओठांपर्यंत यायचा आणि ते गिळायचे.

अनुनाद

सुंदर लिहिलंय. माझं काम ध्वनिशास्त्राचं, सभागृहांची मापं घेण्याचं, त्यामुळे थोडी भर घालतो. बाबांच्या कानाला नमस्कार करून एक दुरुस्तीही सुचवतो.

भोपळ्याची उपमा मोहक आहे आणि जमिनीखालची पोकळी खरीच आहे. मुझीकफेराइनचे लोकही ती अभिमानाने सांगतात. पण त्या हॉलच्या आवाजाचं श्रेय तिला सगळ्यात शेवटी द्यावं लागेल. पाहणाऱ्याला वाटतं की सगळं लाकूड आहे, म्हणून सतारीसारखं घुमतं. प्रत्यक्षात भिंतींचा मोठा भाग म्हणजे विटांवरचा गिलावा आहे. लाकूड पातळ असेल तर ते खर्ज पिऊन टाकतं, आणि तुम्हाला चेलोचा खर्ज इतका भरदार लागला तो टणक भिंतींनी परत पाठवला म्हणून.

खरी करामत रुंदीत आहे. १९.१ मीटर म्हणजे अरुंद. समजा तुम्ही मधोमध, वाद्यवृंदापासून २० मीटरवर बसला आहात. सरळ येणारा आवाज २० मीटर चालतो. बाजूच्या भिंतीवर आपटून येणारा साधारण पावणेअठ्ठावीस मीटर चालतो. फरक पावणेआठ मीटरांचा, म्हणजे सुमारे २२ मिलिसेकंदांचा. इतक्या कमी अंतराने आलेला आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो. पण तो डाव्या-उजव्या बाजूने आलेला असतो, म्हणून आपल्याला आवाजाच्या आत बसल्यासारखं वाटतं. तुम्ही "सगळीकडे होता" लिहिलंत ते हेच. पंख्यासारख्या पसरट प्रेक्षागृहात भिंती लांब जातात आणि ही गंमत हरवते. आपल्याकडची बरीच नवी नाट्यगृहं तशी पसरट आहेत.

त्या सोनेरी मूर्ती, बाल्कनीचे कठडे, छतातल्या चौकटी, हे सगळं आवाजाला फोडून विखरतं, त्यामुळे तो खरखरीत होत नाही. अवांतर: मूर्ती पूर्वी पुढे, बाल्कनीच्या खाली उभ्या होत्या. दिसायला अडचण होते म्हणून १९११ साली त्यांना मागे भिंतीशी नेलं.

आणखी एक. बाबांनी टाच आपटली तेव्हा हॉल रिकामा होता. रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला सुमारे ३ सेकंद लागतात, भरलेल्या हॉलमध्ये २. माणसं आणि त्यांचे कपडे एक सेकंद पितात. म्हणजे फेरीत आणि मैफलीत त्यांनी दोन वेगळे हॉल ऐकले. त्यांना विचाराल का, फरक जाणवला का?

आणि हे सगळं हान्सनने गणिताशिवाय केलं. घुमाराचं गणित अमेरिकेत वॉलेस सॅबाइनने मांडलं आणि त्याच्या आधाराने बांधलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उघडला, म्हणजे व्हिएन्नानंतर तीस वर्षांनी. आजही आमच्या क्षेत्रात व्हिएन्ना, बोस्टन आणि अ‍ॅम्स्टरडॅमचं कॉन्सर्टखबाऊ ही तीन नावं एका श्वासात घेतात. तिन्ही मुळात चौकोनी पेट्याच आहेत.

कृष्णाकाठ

अनुनाद दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. आधी गप्प बसले. मग म्हणाले, फरक जाणवला होता, फेरीच्या वेळी "शेपूट लांब होतं". मैफलीत ते आखडलं पण गोड झालं, तारेखाली जवारीचा दोरा सरकवल्यावर होतं तसं. भोपळ्याच्या बाबतीत मात्र ते हटायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, भिंतींनी आवाज कानापर्यंत येईल, खुर्चीतून मांडीला लागला तो कुठून आला?

अनुनाद

हा प्रश्न चोख आहे. जमिनीतून येणारी थरथर वेगळी मोजावी लागते आणि ती ऐकण्यात किती भर घालते यावर आमच्यातही एकमत नाही. चेलो आणि बासचा खुंट थेट लाकडी मंचावर टेकलेला असतो, तेव्हा मंच थोडाफार वाजतोच. बाबांचा मुद्दा मी खोडणार नाही.

डॅन्यूबकर

बारा वर्षं व्हिएन्नात राहतोय, हॉलपासून ट्रामने दहा मिनिटांवर. मराठीत यावर धागा बघून फार बरं वाटलं.

रानजाई, एक दिवस मोकळा असेल तर हॉलच्या आसपासचा परिसरच धरा, दूर जाऊ नका. मेट्रोने कार्ल्सप्लात्सला उतरा, उ१, उ२ आणि उ४ तिन्ही मार्ग तिथे मिळतात. बाहेर पडल्यावर ओटो वाग्नरने १८९९ साली बांधलेले हिरवे-सोनेरी जुने स्टेशनमंडप दिसतील. बागेतून कार्ल्सकिर्शेकडे चाला. १७३७ साली पुरं झालेलं चर्च, समोर पाण्याचं तळं, दोन उंच नक्षीचे खांब. त्याच बागेत ब्राम्सचा बसलेला पुतळा आहे, पायाशी वीणेसारखं वाद्य घेतलेली स्त्री. ब्राम्स १८९७ साली वारला तोवर इथेच कार्ल्सगासमध्ये राहत होता, ते घर पुढे पाडलं. १८७२ ते १८७५ तो या संगीत मंडळाचा कलासंचालक होता. म्हणजे कामाला जाताना बाग ओलांडून पलीकडे, इतकंच अंतर. हॉलच्या इमारतीतलं सुमारे ६०० आसनांचं छोटं दालन आज त्याच्या नावाने आहे. त्या दालनातली पहिली मैफल १८७० च्या जानेवारीत पियानोवादक क्लारा शूमानने केली होती.

बागेलगतच तंत्रविद्यापीठाची इमारत आहे. त्या जागी पूर्वी गोरगरिबांचं दफनस्थान होतं आणि १७४१ साली विवाल्दी या इटालियन संगीतकाराला तिथे पुरलं. थडगं उरलेलं नाही, भिंतीवर नुसती पाटी आहे. मी रोज तिच्यावरून जातो आणि अजून सवय झालेली नाही.

संगीत मंडळाच्या संग्रहात बेटहोवनच्या तिसऱ्या सिंफनीची एक हस्तलिखित प्रत आहे. तिच्या पहिल्या पानावरचं नेपोलियनचं नाव बेटहोवनने इतक्या त्वेषाने खरवडलंय की कागदाला भोक पडलंय. ती नेहमी मांडलेली नसते, पण चौकशी करून बघा.

तिकिटांचं: नववर्षाच्या मैफलीची तिकिटं सोडतीने मिळतात, त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच, फेब्रुवारीच्या सुमारास, ती मैफल वाजवणाऱ्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं. तिचा मोह सोडा. वर्षभर तिथे शेकडो मैफली होतात. पैसे कमी असतील तर उभ्याची तिकिटं घ्या. हॉलच्या अगदी मागे, खुर्च्यांच्या पाठीमागे उभं राहायची जागा आहे, तिला श्टेपार्टेर म्हणतात. १,७४४ आसनं आणि सुमारे ३०० उभे, अशी हॉलची क्षमता आहे. जमीन सपाट असल्यामुळे तिथून मंच धड दिसत नाही, पण ऐकायला काही कमी नाही. तुमच्या आईंसाठी मात्र बसायचंच घ्या, दोन तास उभं राहणं सोपं नाही.

पायपीट

या विषयावर माझा एक कटू अनुभव, म्हणजे दुसऱ्या कुणाचं नुकसान टळेल. ऑपेराच्या आसपास आणि मोठ्या चर्चच्या चौकात मोत्सार्टसारखा टोप आणि लाल कोट घातलेले तिकीटविक्रेते असतात. गोड बोलतात. मी त्यांच्यातल्या एकाकडून चार तिकिटं घेतली, हातातल्या कागदावर सोनेरी हॉलचं मोठं छायाचित्र होतं. संध्याकाळी कळलं की कार्यक्रम दुसऱ्याच इमारतीतल्या साध्या दालनात होता. वादक मन लावून वाजवत होते, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण माझ्या बायकोने त्या हॉलसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी होती. तिकिटावर सभागृहाचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याहून बरं म्हणजे सरळ मुझीकफेराइनच्या तिकीटखिडकीवर जा किंवा त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या.

शहराबद्दल म्हणाल तर तिथली कॉफीघरं आम्हाला फार आवडली. मेलान्ज मागवली की सोबत पाण्याचा पेला येतो आणि कॉफी संपली तरी कुणी उठा म्हणत नाही. ते पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने शहरात येतंय. बाटल्या विकत घेऊ नका, नळाचंच प्या.

डॅन्यूबकर

पायपीट, फार वाईट वाटलं. टोपवाल्यांचे काही कार्यक्रम खरोखर सोनेरी हॉलमध्येही होतात, म्हणूनच गोंधळ होतो. पुन्हा येणार असाल तर आधी कळवा, वहिनींना त्या हॉलमध्ये नेऊन बसवणं माझ्याकडे लागलं.

तळटीप

धागा आवडला, आणि म्हणूनच एक गोष्ट इथे असावी असं वाटतं. त्या प्रसिद्ध नववर्षाच्या मैफलीची सुरुवात सुखाच्या काळातली नाही. पहिली मैफल ३१ डिसेंबर १९३९ रोजी झाली, ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत सामील होऊन पावणेदोन वर्षं झाली होती, आणि तिचं उत्पन्न नाझींच्या हिवाळी मदतनिधीला गेलं. १९३८ मध्ये फिलहार्मोनिकमधल्या ज्यू वादकांना काढून टाकण्यात आलं. त्यांच्यापैकी पाच जण छळछावण्यांत मेले. ज्या खुर्च्यांवर ते वर्षानुवर्षं बसले, त्याच मंचावर वॉल्ट्झ, म्हणजे नाचाच्या धुना, वाजत राहिले. वाद्यवृंदाने इतिहासकारांकडून हा काळ तपासून घेतला आणि २०१३ साली तो आपल्याच संकेतस्थळावर मांडला. स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळायलाही १९९७ उजाडलं.

हॉलचा दोष नाही. पण मी तिथे बसलो तेव्हा आवाज विरतानाच्या त्या दोन सेकंदांत मला ती माणसं आठवली, आणि ती आठवायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठ

तळटीप, हे लिहिलंत याबद्दल आभार. मला मैफल कधी सुरू झाली ते माहीत होतं, निधीचं माहीत नव्हतं. बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ते पाच जण कोणती वाद्यं वाजवायचे. मी शोधून सांगते म्हटलंय.

दफनभूमीचं लिहायचं राहिलं. ७१ नंबरची ट्राम रिंगवरून थेट मध्यवर्ती दफनभूमीला जाते. दुसऱ्या फाटकाने आत गेलं की ३२अ विभागात बेटहोवन, शूबर्ट, ब्राम्स आणि योहान स्ट्राउस, सगळे हाकेच्या अंतरावर. बेटहोवन आणि शूबर्टला १८८८ साली दुसऱ्या जागेहून इथे आणलं. मोत्सार्टचं इथे फक्त स्मारक आहे. बाबांनी मिरजेहून तंबोऱ्याचा एक मणी खिशात आणला होता, मला पत्ताच नव्हता. हस्तिदंतीसारखा दिसणारा, हंसाच्या आकाराचा, सूर बारीक जुळवायचा असतो तो. ब्राम्सच्या थडग्याच्या कडेला त्यांनी तो ठेवला आणि दगडावर दोन बोटं टेकवून नमस्कार केला. तीन सुरांचे म्हणून.

रानजाई

मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती मण्यापाशी रडली.

तिकिटं काढली! १४ मे, बसायची, बाल्कनीतली, सभागृहाचं नाव तिकिटावर दोनदा वाचलं. शूबर्टची आठवी, ती अपुरी राहिलेली, आणि आणखी दोन रचना आहेत. आई कालपासून शूबर्ट ऐकतेय. चेलो आणि बासचा सुरुवातीचा खालचा सूर ऐकून म्हणाली, "हे मंद्रातच राहतंय, वर यायला भीत असल्यासारखं." शेवटचा प्रश्न, हॉलमध्ये किती आधी जाऊन बसावं?

कृष्णाकाठ

आईंना शूबर्ट सापडला, आता काळजी नाही. वेळेचं बाबांनाच विचारलं. ते म्हणतात, घंटा होण्याची वाट बघू नका, दारं उघडली की आत जा. आधी एकेक वादक येऊन आपापलं काहीतरी वाजवत बसतो. मग सगळे थांबतात, ओबो नावाचं वाद्य एकटं एक सूर धरतं आणि सगळा वाद्यवृंद त्याला येऊन मिळतो. ते जुळवणं आईंनी चुकवू नये, असा निरोप आहे.